धनी, धंदा आणि चेंडू : मराठी मुलखातील फुटबॉल क्लबांचा अर्थव्यवहार

फुटबॉलच्या एखाद्या क्लबाने खेळाडू घेतला असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा बहुधा दोन निरनिराळे व्यवहार झालेले असतात. पहिला व्यवहार क्लब आणि खेळाडू यांच्यातला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराचा आणि पगाराचा. दुसरा दोन क्लबांमधला, म्हणजे करार पुरा होण्याआधी खेळाडूची नोंदणी सोडून दिल्याबद्दल जुन्या क्लबाला मिळणाऱ्या रकमेचा, आणि या दुसऱ्या रकमेलाच हस्तांतरण शुल्क किंवा रूढ शब्दात ट्रान्सफर फी म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा व्यवहार अगदीच अनोळखी वाटू नये, कारण सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, त्यातली काही रक्कम उचल म्हणून आधी दिली जाते आणि साल पुरे होण्याआधी गड्याला दुसरीकडे जायचे असेल तर त्याच्या अंगावरची उचल बहुधा नवा मालकच फेडतो. फरक आहे तो मात्र मोठा आहे : सालगड्याच्या बाबतीत फेडली जाते ती त्याची बाकी, तर खेळाडूच्या बाबतीत मोजली जाते ती त्याच्या पायांतल्या कौशल्याची बाजारातली किंमत. परंतु दोन्ही ठिकाणी विचारण्याजोगा प्रश्न एकच असतो, आणि तो म्हणजे मालकाजवळ हा पैसा शेतातून आला आहे की दुसरीकडून. मराठी मुलखातील आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील क्लबांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा पैसा मैदानातून जवळजवळ कधीच आला नाही, तो धन्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यातून किंवा खात्यातून आला, आणि म्हणून खेळाडूंची ये-जा त्या धंद्याच्या भरती-ओहोटीबरोबर होत राहिली.

या इतिहासाचा पहिला धागा परभणी ज्या राज्यात होती त्या राज्याच्या राजधानीत सापडतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिले. नेमक्या याच आठ वर्षांत हैदराबाद सिटी पोलीस हा संघ भारतीय फुटबॉलच्या शिखरावर होता. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला आणि १९५० व १९५४ साली ड्युरँड चषकही पटकावला. या यशामागची आर्थिक व्यवस्था साधी होती. खेळाडू हा कागदोपत्री हौशी, परंतु पोलीस खात्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव असे, आणि त्याचा पगार सरकारी खजिन्यातून निघे. क्लबाला तिकिटांतून काय मिळाले याच्याशी त्या पगाराचा काडीचाही संबंध नव्हता. नोकरी कायमची, निवृत्तिवेतनाची हमी असलेली, आणि त्यामुळे खेळाडूला बांधून ठेवण्यासाठी करारापेक्षाही घट्ट होती. असा खेळाडू दुसऱ्या संघाला हवा असेल तर त्याहून चांगल्या नोकरीचे किंवा मोठ्या नावाचे आमिष दाखवावे लागे, आणि ते दाखवण्याची ताकद मुख्यतः कलकत्त्याच्या क्लबांत होती. हैदराबादचा तुलसीदास बलराम १९५७ साली ईस्ट बंगालमध्ये गेला तो याच वाटेने. रहीम यांनीच घडवलेला भारतीय संघ १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आणि त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. पोलिसांचा संघ पुढे आंध्र पोलीस या नावाने खेळला आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

मुंबईत पोलीस खात्याची जागा कंपन्या आणि गिरण्या यांनी घेतलेली होती. शहराच्या हारवूड लीगमध्ये रेल्वे, तेल कंपन्या, टाटा, मफतलाल, महिंद्र अशा नावांचे संघ उतरत, आणि त्यांची पद्धत हैदराबादसारखीच होती : खेळाडू कंपनीचा नोकर, दुपारनंतर त्याला सरावासाठी सूट, आणि खर्च कामगार कल्याणाच्या किंवा जाहिरातीच्या खात्यात लिहिलेला. ही व्यवस्था हिणवण्याजोगी नव्हती. तिने शेकडो गरीब मुलांना पक्की नोकरी दिली, जी आजच्या दोन वर्षांच्या करारातून मिळत नाही. तिचा दोष इतकाच होता की कंपनीचा नफा आटला की संघ हा वगळण्याजोगा पहिला खर्च ठरे.

या कंपनी-संघांपैकी एकाने काळाबरोबर बदलण्याचा मनापासून प्रयत्न केला. १९६२ साली स्थापन झालेला महिंद्र कंपनीचा संघ २००० साली महिंद्र युनायटेड या नव्या नावाने व्यावसायिक क्लब म्हणून उभा राहिला, आणि २००५-०६च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. १९९६ साली सुरू झालेल्या या लीगचे विजेतेपद महाराष्ट्रात आले ते तेव्हाच. परंतु राष्ट्रीय लीग आणि २००७पासून तिची जागा घेणारी आय-लीग यांच्यात एक मूलभूत उणीव होती. जगातील मोठ्या लीगमध्ये क्लबाचे उत्पन्न तीन वाटांनी येते, म्हणजे सामन्याच्या दिवशीची तिकिटे, प्रक्षेपण हक्कांतील वाटा, आणि प्रायोजक व क्लबाच्या नावाची विक्री. भारतात या तिन्ही वाटा कोरड्या होत्या. प्रवास, पगार आणि परदेशी खेळाडू यांचा खर्च मात्र व्यावसायिक मापाने वाढत गेला. मार्च २०१०मध्ये महिंद्र समूहाने हंगामाअखेर संघ बंद करण्याचा आणि यापुढे शालेय फुटबॉलवर भर देण्याचा निर्णय जाहीर केला. सारे खेळाडू इतर क्लबांकडे गेले. विजेतेपदापासून बंद होण्यापर्यंत फक्त चार वर्षे गेली होती, आणि या चार वर्षांत मूळ कंपनीवर कोणतेही संकट आले नव्हते. धन्याचे मन दुसरीकडे वळले, एवढे कारण पुरेसे होते.

गोव्यात हीच गोष्ट लोहखनिजाच्या बळावर घडली आणि ती कितीतरी अधिक वैभवाची होती. आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे, म्हणजे २००७-०८पासून २०१२-१३पर्यंतची, धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय क्लबांनी आपसांत वाटून घेतली; त्यांपैकी तीन एकट्या धेंपोची. पंधरा लाखांच्या राज्याने शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशावर असे वर्चस्व गाजवणे हा भारतीय खेळांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग आहे, आणि त्याचे श्रेय गावोगावच्या चर्चच्या मैदानांना जेवढे जाते तेवढेच खाणी, जहाजे आणि बार्ज यांच्या मिळकतीला जाते. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ साली सेसा गोवा या कंपनीला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणी थांबल्या. तरीही क्लब लगेच कोसळले नाहीत, कारण या घराण्यांची फुटबॉलवर खरी माया होती. त्यांना माघार घ्यावी लागली ती २०१६ साली, आणि तिचे तात्कालिक कारण पैशाचा तुटवडा हे नसून देशाच्या सर्वोच्च स्तराचा मान दुसऱ्याच एका स्पर्धेला देण्याची योजना हे होते. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब त्या वर्षी आय-लीगमधून बाहेर पडले.

ती दुसरी स्पर्धा समजण्यासाठी युरोपातील नियमांकडे वळणे आवश्यक आहे, कारण त्याच सुमारास तिथे पैशाला वेसण घालण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. १९९५च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी शुल्क मागण्याचा क्लबांचा हक्क काढून घेतला, त्यामुळे पगार आणि मुदतीआधीच्या खरेदीच्या रकमा दोन्ही फुगल्या, आणि तोट्यातील क्लब श्रीमंत मालकांच्या खिशावर जगू लागले. यूएफा या युरोपीय महासंघाने २००९-१०मध्ये जे नियम मंजूर केले त्यांचे सार असे की फुटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाएवढाच खर्च फुटबॉलवर करावा, आणि थोडा तोटा झालाच तर तो मालकाने कर्जाने न भागवता भांडवल घालून भरावा. पहिल्या टप्प्यात ही सवलत साडेचार कोटी युरोंची होती. २०२२ साली आलेल्या नव्या नियमावलीने याला आणखी एक माप जोडले : खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, दलालांची फी आणि हस्तांतरण शुल्काचा वार्षिक भाग मिळून उत्पन्नाच्या ९० टक्के, मग ८० आणि २०२५-२६पासून ७० टक्क्यांच्या आत राहिले पाहिजेत.

इथे वार्षिक भाग या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे, कारण आधुनिक खरेदीचे सारे कसब त्यात आहे. क्लबाने खेळाडूसाठी शंभर रुपये मोजले आणि करार पाच वर्षांचा केला तर हिशेबवहीत दरवर्षी वीस रुपयेच खर्च दिसतो, ट्रॅक्टरचा घसारा वर्षावर्षाने लिहावा तसा. पण तोच क्लब स्वतःच्या अकादमीतून वाढवलेला मुलगा शंभर रुपयांना विकतो तेव्हा सगळे शंभर रुपये त्याच वर्षी नफा म्हणून चढतात, कारण त्याला घेण्यासाठी काही मोजलेलेच नसते. म्हणून करार लांबवण्याची चढाओढ लागली, आणि २०२३ साली यूएफाने हा घसारा जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येईल असे ठरवले. या नियमांतील एक कलम भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे : मैदान बांधण्याचा आणि मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च तोट्याच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे मालकाला पैसा ओतायचाच असेल तर तो कशात ओतावा, हे नियमच त्याला सांगतात.

भारतात याच काळात उलट्या टोकाने सुरुवात झाली. डिसेंबर २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला, आणि त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिचे संघ हे वाढत आलेले क्लब नव्हते, तर शहरांच्या नावाने विकलेल्या फ्रँचायझी होत्या. मालकाने दरवर्षी कोट्यवधी रुपयांची फ्रँचायझी फी भरायची, त्याबदल्यात मध्यवर्ती उत्पन्नात वाटा घ्यायचा, आणि खालच्या स्तरावर घसरण्याची भीती त्याला नसायची. खर्चावर मर्यादा होती ती पगारमर्यादेच्या रूपाने. साऱ्या संघांना एकच आकडा, जो पुढच्या काळात साधारण १६ ते १८ कोटी रुपयांच्या दरम्यान राहिला. युरोपची मर्यादा उत्पन्नाच्या प्रमाणात आहे, भारताची मर्यादा उत्पन्नाकडे पाहतच नाही. पगारमर्यादेमुळे श्रीमंत मालक सगळे खेळाडू उचलून नेऊ शकत नाही, हा तिचा खरा गुण आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. परंतु ज्या क्लबाचे उत्पन्न दोन कोटी आहे त्यालाही ती सोळा कोटी खर्च करू देते, आणि उरलेले चौदा कोटी उद्या कोण देणार हे विचारत नाही.

पुण्यात या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांत चार वेळा मिळाले. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा क्लब स्थापन केला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे घर केले, अकादमी उभारली, आणि २०१२-१३मध्ये आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. २०१४-१५साठी कल्याणी समूहाच्या भारत एफसीला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. हा क्लब एक हंगाम खेळला आणि थांबला. पुणे एफसीनेही त्याच सुमारास वरिष्ठ संघ गुंडाळला. पुढच्या हंगामात पुण्याच्या जुन्या शिवाजीयन्स क्लबाचे नवे रूप असलेला डीएसके शिवाजीयन्स थेट प्रवेशाने आला, ज्याच्या पाठीशी लोणी काळभोरची, लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने चालणारी निवासी अकादमी होती. दोन हंगामांनंतर, २०१७ साली, धनी असलेल्या डीएसके समूहाचा मूळ बांधकाम व्यवसाय अडचणीत असताना तोही बाहेर पडला. या तिन्ही क्लबांचे धनी जमीन, बांधकाम किंवा पोलाद यांतले, आणि एकाही क्लबाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर चाललेला नव्हता.

याच शहरात सुपर लीगचा एफसी पुणे सिटी होता, ज्याने पहिल्या वर्षी फ्रान्सच्या विश्वविजेत्या डेव्हिड त्रेझेगेला आणले. जुलै २०१५मध्ये मुंबईत झालेल्या लिलावातील एक बोली या काळाचे नेमके चित्र दाखवते. आय-लीगमधील बेंगळुरू एफसीचा मध्यरक्षक युजीनसन लिंगडोह याची मूळ किंमत होती २७ लाख ५० हजार. पुणे सिटीने त्याच्यासाठी १ कोटी ५ लाख मोजले. सुनील छेत्रीसाठी मुंबई सिटीने १ कोटी २० लाख मोजले. या बोल्या जेमतेम अडीच-तीन महिन्यांच्या एका हंगामासाठी होत्या. आता दुसऱ्या बाजूचा जमाखर्च मांडून पाहावा. बालेवाडीच्या मैदानात दहा हजार प्रेक्षक प्रत्येक सामन्याला आले, प्रत्येकाने दोनशे रुपये दिले आणि पुढे रूढ झालेल्या मापाने घरचे नऊ सामने झाले असे उदारपणे धरले, तरी वर्षाची तिकीट-मिळकत १ कोटी ८० लाख होते, म्हणजे पगारमर्यादेच्या एक नवमांशाच्या आसपास. इतकी गर्दी दर वेळी होत नसे आणि तिकिटेही बरीच फुकट वाटली जात. पैशाची ही दरी प्रक्षेपणाने भरून निघायची होती, ती निघाली नाही.

पुणे एफसीची अकादमी २०१६ साली पुणे सिटीने ताब्यात घेतली, आणि ती या साऱ्या घडामोडींतली सर्वांत शहाणी खरेदी होती. परंतु मालक असलेल्या वाधवान समूहाची आर्थिक स्थिती ढासळली, २०१९च्या उन्हाळ्यात संघ विसर्जित झाला, आणि त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या फ्रँचायझीला देण्यात आली. प्रशिक्षक फिल ब्राउन आणि बरेच खेळाडू तिकडे गेले. ज्या शहराच्या पोलिसांनी कधीकाळी मुंबईचे चषक ओळीने नेले, त्या शहरात राष्ट्रीय स्तराचे फुटबॉल पुण्याच्या मोडलेल्या संसारातून परतले, आणि मार्च २०२२मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबादने सुपर लीगचे विजेतेपदही मिळवले. त्यानंतर जे झाले ते महिंद्र युनायटेडपेक्षाही दुःखद आहे. पगार थकले, फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली, नामांकित खेळाडू निघून गेले, आणि २०२३-२४च्या संपूर्ण हंगामात कोवळ्या पोरांच्या त्या संघाला एकच सामना जिंकता आला. थकीत देणे असलेल्या क्लबाला परवाना नाकारण्याची तरतूद आशियाई महासंघाच्या नियमांत आहे, पण ती शिक्षा होती, उपचार नव्हता. २०२४ साली बी. सी. जिंदल समूहाने क्लब घेतला आणि २०२५ साली तो दिल्लीला हलवून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवले.

मराठवाड्याचा पैसाही या स्पर्धेत लागला होता. २०१४ साली एफसी गोवाच्या मूळ मालकांत धेंपो आणि साळगावकर या घराण्यांबरोबर औरंगाबादहून वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाचे वेणुगोपाल धूत होते. २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, पण तोवर क्लबाची सूत्रे जयदेव मोदी यांच्याकडे आलेली असल्यामुळे एफसी गोवा तगला, आणि २०२१ साली एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मुंबई सिटीत नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२०-२१मध्ये संघाने साखळी फेरीचे आणि अंतिम सामन्याचे अशी सुपर लीगची दोन्ही विजेतेपदे मिळवली. महासंघाचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपला, त्याआधीच जुलैमध्ये पुढचा हंगाम स्थगित ठेवला गेला होता, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि त्याच डिसेंबरमध्ये या परदेशी समूहाने मुंबईतून अंग काढून घेतले.

या साऱ्या व्यवहारात परभणीसारख्या जिल्ह्याला थेट लागू होणारा एक नियम मात्र आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. फिफाच्या २००१पासूनच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की शुल्काच्या पाच टक्के रक्कम बाजूला काढून, त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी ज्यांनी शिकवले त्या क्लबांना वर्षांच्या हिशेबाने वाटावी लागते. एक कोटीच्या विक्रीवर हे पाच लाख होतात, आणि बाराव्या ते पंधराव्या वर्षांपर्यंतच्या चार वर्षांचा त्यातला वाटा प्रत्येकी पाच टक्के, म्हणजे चार वर्षांचे मिळून एक लाख. ती रक्कम मिळण्यासाठी मुलाचे नाव त्या वयात एखाद्या संलग्न क्लबाच्या नोंदवहीत, तारखेसह, लिहिलेले असावे लागते.